‘ढिगारा उचला आणि रस्ता सोडा’: फिरत्या मेसेजला उत्तर

दरड कोसळून रस्ता एका बाजूने बंद झाला की हा मेसेज हमखास फिरतो. शब्द इकडचे तिकडे होतात, आशय तोच: “दोन पोकलेन आणि दहा डंपर लावले तर दोन दिवसांत रस्ता मोकळा. पाऊस थांबला म्हणजे धोकाही संपला. डोंगराला सिमेंट फासा आणि विषय मिटवा. महिनोन्महिने एकच मार्गिका चालू ठेवणं म्हणजे बिल वाढवायचा धंदा. नाहीतर आठ दिवस रस्ता पूर्ण बंद करा, पण ही रखडपट्टी नको.” रांगेत तासभर इंजिन बंद करून बसलेल्या माणसाला हे पटणारच. तरीही यातलं बहुतेक चुकीचं आहे आणि काही तर जिवावर बेतणारं.

दोन दिवसांत ढिगारा उचला. ढिगारा उचलणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. कित्येकदा तो घाईने उचलला म्हणूनच पुढची दरड येते. घसरलेली माती पायथ्याशी येऊन थांबते तेव्हा ती वरच्या सैल झालेल्या भागाला टेकू देत असते. खालून बादली मारत गेलात तर तो टेकूच काढलात. म्हणून काम वरून खाली चालतं. आधी कंबरेला दोर बांधलेली माणसं वर चढतात, पहारीने सुटे दगड पाडतात, माथ्यावरच्या भेगा शोधतात आणि पाणी आत जाऊ नये म्हणून त्या बुजवतात. तोवर खालचं पोकलेन उभं असतं, चालक सावलीत बसलेला असतो. त्याचाच फोटो ‘बघा, काम बंद’ म्हणून फिरतो. वर माणसं लटकलेली असताना खाली यंत्र चालवणारा चालक मला जास्त भीतीदायक वाटेल.

आणि दरड वरून आलीच नसेल, रस्त्याचा भरावच खाली सरकला असेल, तर उचलायचं काय? अशा ठिकाणी डांबरात चंद्रकोरीसारखी भेग पडते, कडेचा कठडा बाहेर कलतो, रस्ता एका अंगाला बसतो. लोकांची मागणी असते, ‘खड्डा भरा’. पण सरकणाऱ्या भागाच्या माथ्यावर डांबराचा थर चढवणं म्हणजे त्याच्यावर आणखी वजन टाकणं. इंग्लंडमधल्या मॅम टॉर डोंगराखालचा रस्ता याचा धडा आहे. तिथे वर्षानुवर्षं रस्ता खचत राहिला आणि थरावर थर चढत राहिले. 1977 मध्ये वाहतूक एका मार्गिकेवर आली, 1979 मध्ये रस्ता कायमचा बंद झाला. फाटलेल्या डांबराचे ते जाड थर आजही तिथे उघडे पडलेले दिसतात.

पाऊस थांबला, धोका संपला. पाऊस थांबतो तेव्हा पृष्ठभागावरचं पाणी थांबतं. जमिनीत मुरलेलं पाणी खाली उतरतच असतं, आणि खोल सरकणारे उतार कधी कधी उघडीप पडल्यावर हलतात. मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब वाढला की कणांची एकमेकांवरची पकड सुटते. हा दाब डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी उतारात भोकं पाडून पाण्याची पातळी मोजणाऱ्या नळ्या बसवतात, आतली हालचाल टिपणारी उपकरणं उतरवतात आणि नोंदी घेत राहतात. एका दिवसाच्या नोंदीवरून काहीच कळत नाही. सलग नोंदी लागतात, मेसेज लिहिणाऱ्याला नेमकी तीच ‘दिरंगाई’ वाटते.

डोंगराला सिमेंट फासा. पाण्याला वाट न देता नुसता सिमेंटचा लेप दिला तर पाणी त्याच्या मागे कोंडतं आणि तोच दाब आतून लेपाला बाहेर ढकलतो. म्हणून कामाचा बराच भाग पाणी काढण्याचा असतो. माथ्यावर पाणी अडवून बाजूला नेणारा चर, उतारात आडव्या भोकांत घातलेल्या छिद्रांच्या नळ्या, लेपात सोडलेली गळतीची भोकं. या नळ्या बाहेरच्या तोंडाकडे किंचित उतरत्या ठेवतात, म्हणजे पाणी आपोआप निघतं. खाली तारेच्या जाळीत दगड भरलेल्या पेट्या रचतात. त्या वजनाने पायथा धरून ठेवतात आणि पाण्याला मात्र अडवत नाहीत.

उताराला शिवण घालावी तसे पोलादी गजही ठोकतात, म्हणजे खरं तर भोक पाडून गज आत सरकवतात आणि भोवती सिमेंटचा घोळ भरतात. घोळाला ताकद यायला दिवस लागतात. मग काही गज जॅकने ओढून तपासतात, तग धरतात का बघतात, आणि त्यानंतरच खालची ओळ खोदायची. दुप्पट मजूर लावले म्हणून सिमेंट दुप्पट वेगाने घट्ट होत नाही. बिलात घोळ नसतोच असं मी म्हणणार नाही. संशय असेल तर झालेल्या कामाची मोजमापं मागा, गजांच्या चाचण्यांचे निकाल मागा. नुसत्या कालावधीवरून चोरी सिद्ध होत नाही.

पूर्ण बंद करा, एक मार्गिका नको. या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. दोर बांधून दगड पाडायचे असतील तर खालून गाडी जाताच कामा नये, आणि तेवढ्या वेळेपुरता रस्ता पूर्ण बंद ठेवावाच लागतो. पण सरसकट बंद म्हणजे सगळी गर्दी पर्यायी रस्त्यावर. तो अरुंद असतो, त्यावरचे पूल जड वाहनांसाठी नसतात आणि रुग्णवाहिकेचा फेरा वाढतो. स्कॉटलंडच्या ए83 रस्त्यावर दरडी येतात तेव्हा खालच्या जुन्या लष्करी रस्त्यावरून वाहनं ताफ्याने, पुढे मार्गदर्शक गाडी ठेवून सोडतात. तो रस्ता इतका अरुंद आहे की दुसरा इलाज नाही.

एक मार्गिका चालू ठेवली तर रांग का लागते, याचं गणित साधं आहे. कामाचा पट्टा 300 मीटरचा आणि वेग ताशी 30 किलोमीटर धरला, तर शेवटच्या गाडीला बाहेर पडायला 36 सेकंद लागतात. तेवढा वेळ दोन्हीकडे लाल दिवा ठेवावा लागतो, आणि प्रत्येक फेरीत दोनदा. दोन्ही बाजूंना 30-30 सेकंद हिरवा दिला तर फेरी 132 सेकंदांची होते आणि त्यातले 72 सेकंद कुणीच आत शिरत नाही. दोन सेकंदाला एक गाडी सुटली तर तासाला दोन्ही दिशा मिळून सुमारे 800 गाड्या. ट्रक आले की आणखी कमी. हिरवा वेळ वाढवला तर गाड्या जास्त सुटतात, पण समोरच्यांचं थांबणंही लांबतं. खरा फरक पडतो तो पट्टा आखूड ठेवल्याने, आणि अवजड वाहनं गर्दीच्या वेळी आधीच्या फाट्यावर थांबवल्याने. रांग सोडून उजवीकडून पुढे घुसणारा एक जण हे सगळं गणित मोडतो, कारण समोरून सुटलेल्यांना बाहेर पडायला जागाच उरत नाही.

मेसेजमधली चीड एका बाबतीत मात्र मला मान्य आहे. कामाच्या दोन्ही टोकांना नुसते ‘काम चालू, रस्ता बंद’ असे फलक असतात. आज कोणता टप्पा चालू आहे, पूर्ण बंद कोणत्या वेळात, अवजड वाहनांनी कुठून वळायचं, नोंदी काय सांगतात आणि पुढची पाहणी कधी, हे त्यावर लिहायला रंगाचा एक डबा पुरतो. आणि हा फलक कामाच्या तोंडाशी नको, शेवटच्या फाट्याच्या आधी हवा. तिथून गाडी वळवता तरी येते.