आमचा ठराव बहीत लिहायला यांचे हात का दुखतात?

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून डोकं तापलं आहे, ते अजून उतरलेलं नाही. विषयपत्रिकेवर आमचा विषय सात नंबरला होता. छापील होता, ऐनवेळी घुसवलेला नव्हता. नळयोजनेचा पंप सोलरवर घेण्याबाबत, आणि शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या स्लॅबवर पॅनल बसवण्याबाबत. आदल्या दिवशीच्या महिला ग्रामसभेत बायांनी हात वर करून तो मंजूर केला होता. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस, त्या दिवसाची मजुरी पाडून आल्या होत्या त्या.

सहा विषय झाले. घरकुलाची यादी झाली. पांदण रस्त्यावरून दोन भाऊबंद एकमेकांच्या अंगावर धावून गेले, त्यात पाऊण तास गेला, तेव्हा कोणाला घाई नव्हती. सहावा विषय संपला आणि सरपंचताईंचे मिस्टर उठून उभे राहिले. निवडून ताई आल्या, शिक्का ताईंच्या नावाचा, आणि सभा चालवणार मिस्टर! "सोलरचं मंग पाहू," म्हणाले, "आता सगळेजण बाहेर चला, फोटो काढाचा आहे, वर पाठवा लागते."

आणि अख्खी सभा उठून अंगणात गेली. बॅनर, हरित शपथ, खड्ड्यात कडुनिंबाचं रोप, मुळाची प्लास्टिकची पिशवी तशीच. दरवर्षी त्याच खड्ड्यात नवीन रोप लागतं. या रोपाच्या फोटोंचा मला इतका संताप येतो! एका काडीला दहा जणांनी हात लावायचा, सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे पाहायचं, आणि मार्चमध्ये तिला तांब्याभर पाणी घालायला एक माणूस नाही. राज्य सरकारचं पर्यावरणासाठीचं माझी वसुंधरा अभियान 2020 मध्ये याच तारखेला सुरू झालं. त्याच्या पंचतत्त्वांत अग्नी आहे, अग्नी म्हणजे ऊर्जा, म्हणजे आमचाच सात नंबर. ज्यांनी मोठ्या आवाजात शपथ दिली, त्यांनी अभियानाचं एक पान तरी वाचलं होतं का?

मी जागची हलले नाही. म्हटलं, सात नंबर घ्या. तर सचिव म्हणतात, "मॅडम, आता कोरम नाही ना." कोरम गेला कुठे? अंगणात उभा आहे ना तो! एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा शंभर माणसं, जे कमी असेल ते, एवढाच कोरम लागतो, आणि तेवढी माणसं दहा पावलांवर रोपाभोवती उभी होती. बोलवा त्यांना आत! नाही बोलावलं. सह्या मात्र दारातच घेऊन ठेवल्या होत्या. आत पाय ठेवण्याआधी रजिस्टर पुढे, "करा ताई सही, मंग बसा."

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. दुसऱ्या दिवशी जाऊन प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, पाहिलं. त्यात लिहिलंय की सदर विषयावर सविस्तर चर्चा करण्यात आली, तांत्रिक माहिती उपलब्ध नसल्याने विषय पुढील सभेत घेण्याचे सर्वानुमते ठरले. एक अक्षराची चर्चा झालेली नाही! आणि खाली आमच्याच सह्या! ज्या बाया "सात नंबर घ्या" म्हणून ओरडत होत्या, त्यांच्या सह्यांनी त्यांचाच विषय पुढे ढकलला.

तांत्रिक माहिती उपलब्ध नाही? अर्जासोबत आम्ही काय जोडलं होतं मग? पंप पाच एचपीचा, म्हणजे पावणेचार किलोवॅटच्या आसपास, हे लिहिलं होतं. वर्षभराच्या बिलांच्या झेरॉक्स लावल्या होत्या. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते, त्यातून सरासरी दिवसाला चार युनिट निघतात, हे मांडून शाळेच्या स्लॅबवर दहा किलोवॅट आरामात बसतात, म्हणजे दिवसाला चाळीस युनिट, हे दाखवलं होतं. बचत गटाच्या पोरींनी उन्हात चढून स्लॅब टेपने मोजला. टाकीची सावली सकाळी, दुपारी, संध्याकाळी कुठवर येते ते खडूने आखलं. पॉलिटेक्निकला शिकणाऱ्या एका पोराने नकाशा काढून दिला. ते सगळं पोच घेऊन दिलेलं आहे, पोचेवर शिक्का आहे. पोरींची ती मेहनत कोणत्या कपाटात टाकली? की रद्दीत घातली?

अंगणात एक काकाजी मला ऐकू येईल असं म्हणाले, "बायायले यातलं काय समजते?" काकाजी, उन्हाळ्यात बिल थकलं आणि नळयोजनेची लाइन कापली, तेव्हा बोरिंगवर हंडे-गुंड घेऊन रात्री रांगेत कोण उभं होतं? तुम्ही होता? बाया होत्या. पोटुशी पोरगी होती रांगेत. विजेचं बिल आणि नळाचं पाणी यांचा संबंध आमच्या कमरेला समजतो, कोणत्याही इंजिनिअरपेक्षा चांगला समजतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून पथदिव्यांची आणि नळयोजनेची बिलं भरायला शासनाने 2021 मध्ये मुभा दिली. म्हणजे गावात काही उभं करायला आलेला पैसा बिलात जातो, आणि पुढच्या वर्षी तेवढंच बिल पुन्हा उभं. हे थांबवा म्हणतोय आम्ही. यात न समजण्यासारखं काय आहे?

आणि हा आमचा अधिकार आहे, कोणाची मेहेरबानी नाही. 73 व्या घटनादुरुस्तीने अकरावं परिशिष्ट आलं, पंचायतींकडे द्यायच्या 29 विषयांची यादी आहे त्यात. चौदावा विषय ग्रामीण विद्युतीकरण, पंधरावा अपारंपरिक ऊर्जा. 1993 पासून हे लागू आहे. आमच्या सचिवांना मी हे म्हटलं तर ते म्हणाले, "मॅडम, ते कागदावरचं झालं." अहो, तुमची नोकरी कशावर आहे? तीही कागदावरच आहे ना!

दुसरं यांचं ठरलेलं उत्तर म्हणजे मागचे सोलर दिवे बंद पडले, म्हणून सोलर बेकार. चौकात ते खांब उभे आहेत, मला रोज दिसतात. बॅटऱ्या काढून नेल्या. देखभालीचा करार केला नाही. बिघडल्यावर फोन करायला ठेकेदाराचा नंबरसुद्धा कोणी लिहून ठेवला नाही. बॅटरी चोरली माणसांनी आणि दोष सूर्याला! म्हणूनच आमच्या ठरावात देखभाल कोण करणार, पैसे कुठून येणार, गावातल्या कोणत्या दोन पोरींना शिकवायचं, हे सगळं वेगळ्या परिच्छेदात लिहिलेलं आहे. वाचणार कोण?

आता हे डोक्यात आलं की मागचं सगळं वर येतं. खाणीच्या विस्ताराची जनसुनावणी आठवते. तीस दिवस आधी सूचना द्यायची, पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यायचा, असं पर्यावरण परवानगीच्या 2006 च्या अधिसूचनेत आहे. सारांश दिला, मूठभर पानांचा. खरा अहवाल जाडजूड आणि इंग्रजीत. आमच्या विहिरींचं पाणी किती खाली जाणार ते त्या जाड्या अहवालात, सारांशात एक ओळ. मंडपात पुढच्या खुर्च्या गाड्या भरून आणलेल्या माणसांनी सकाळीच धरल्या होत्या, त्यांना जेवणाची पाकिटं. आमच्या लोकांना पोलिसांच्या मागे उभं केलं. माझ्या चुलत सासऱ्यांनी धुळीचं विचारलं, तर उत्तर आलं, "नोंद घेतली." कुठे घेतली? कोणत्या बहीत?

वरोरा, भद्रावती, घुग्घूस, वणी, या पट्ट्यात रस्त्याकडेच्या वावरात कापूस वेचून पाहा. कोळशाच्या ट्रकांची धूळ बोंडात बसते. वेचणाऱ्या बाईची बोटं काळी, आणि तो कापूस विकायला नेला की व्यापारी मुठीत धरून नाक मुरडतो आणि भाव पाडतो. ती धूळ आमच्या घरातून आली का? केंद्रीय प्रदूषण मंडळाने 2009 मध्ये चंद्रपूरला 83.88 गुण देऊन अतिप्रदूषित ठरवलं. तेव्हा शाळेत असलेल्या पोरी आता आया झाल्या, त्यांची लेकरं खोकतात. औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा 2015 च्या डिसेंबरात ठरली, दोन वर्षांत पाळायची होती. मुदत वाढली, मग आणखी वाढली, आणि 2025 च्या जुलैत देशातल्या बहुतेक केंद्रांना गंधक काढायची यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. चंद्रपूरसारख्या अतिप्रदूषित भागातलं प्रत्येक प्रकरण म्हणे तपासून ठरवणार. आमच्या फुप्फुसांवर अजून तपासायचं काय शिल्लक आहे?

2920 मेगावॅटचं केंद्र आहे चंद्रपुरात. कोळसा आमचा, पाणी आमचं, राख आमच्या वाट्याला. आणि शेतीची लाइन? आठ तास, त्यातही काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्री ओलीत करायचं म्हणजे बारा वाजता टॉर्च आणि काठी घेऊन हरभऱ्यात जायचं. या जिल्ह्यात! जिथे वाघ धुऱ्यावर बसलेला असतो! नवरा वावरात गेला की मी झोपत नाही, आमच्या गल्लीत कोणतीच बाई झोपत नाही. विजेच्या ऑफिसात म्हटलं तर साहेब म्हणतात, "शेड्यूल वरून येते." सगळं वरूनच येतं. फोटो वर जातो आणि शेड्यूल वरून येतं.

आणि आता सगळ्यात संतापाची गोष्ट सांगते. मागे एक गाडी आली, माणसं उतरली, ई-क्लास जमीन, म्हणजे गावाच्या चराईची सरकारी जमीन, मोजायला लागली. कशाला? सोलरसाठी! ग्रामसभेला विचारलं नाही, बकऱ्या चारणाऱ्यांना विचारलं नाही, दगडांना चुना लावून निघून गेली. आम्ही विरोध केला, तर आता तोंडावर म्हणतात, "तुमाले सोलर पाहिजे का नाही पाहिजे, एकदाचं ठरवा." आमचं ठरलेलं आहे! स्लॅबवर पाहिजे, पंपावर पाहिजे. ज्याला आपली पडीक जमीन द्यायची त्याने खुशीने द्यावी, सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला भाडं आहे, ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरसाल पाच लाख आहेत, आणि शेतीला दिवसा वीज मिळते. त्याला आमची ना नाही. आम्हालाच दिवसा वीज सगळ्यात जास्त पाहिजे. पण ज्यांच्याकडे वावर नाही, ज्यांचं पोट त्या चार बकऱ्यांवर आहे, त्यांच्या चराईला तारेचं कुंपण घालून तुम्ही स्वच्छ ऊर्जा म्हणणार असाल तर ते चालणार नाही. शाळेचा स्लॅब रिकामा पडलाय, तो तुम्हाला दिसत नाही, आणि गरिबाची चराई बरोबर दिसते!

योजनांचंही तेच. आदर्श सौर ग्रामला एक कोटी रुपये आहेत, पण पाच हजारांवर लोकसंख्येच्या गावांची स्पर्धा. आमच्यासारखी दीड-दोन हजारांची गावं त्यात उभीच राहू शकत नाहीत. विदर्भात अशीच गावं जास्त आहेत, हे दिल्लीत कोणी सांगितलं नाही का? घरावरच्या तीन किलोवॅटला 78 हजार अनुदान मिळतं, चांगलंच आहे, पण टिनाच्या घरात राहणाऱ्या, मजुरीवर जगणाऱ्या बाईने आधीचे पैसे आणायचे कुठून? म्हणून तर गावाच्या मालकीचं सोलर हवं. पंपाचं पाणी तिच्याही घरी जातं.

मेंढा-लेखा गाव काय परदेशात आहे? शेजारच्या गडचिरोलीत आहे. 2009 मध्ये त्यांनी जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतो, एकाचा विरोध असला तरी थांबून पुन्हा बोलतात, अभ्यासगटात बसून विषय समजून घेतात. ती माणसं आमच्यासारखीच आहेत. आमच्याकडे बसून समजून घेणं म्हणजे वेळ वाया, आणि कोणी बोललंच नाही तरी सर्वानुमते.

प्रोसिडिंगच्या नकलेसाठी आणि आमचा अर्ज कुठे आहे ते विचारण्यासाठी माहिती अधिकारात अर्ज टाकला आहे, तक्रार पंचायत समितीत दिली आहे. 26 जानेवारीच्या सभेत दारात सही होणार नाही, हे आम्ही बायांनी ठरवलं आहे. ठराव आमच्यासमोर लिहायचा, मोठ्याने वाचायचा, त्याच्या खाली सही. आणि उत्तर सरपंचताईंनी द्यायचं. त्या चांगल्या बोलतात, महिला सभेत आम्ही ऐकलं आहे त्यांना.

आजूबाजूच्या ज्या गावांना हा ठराव घ्यायचा आहे त्यांनी आमच्याकडून मसुदा न्यावा. त्यात नळयोजना आहे, देखभाल आहे, ई-क्लासबद्दलची अटही आहे. टेप, खडू आणि वर्षभराची बिलं एवढंच जमवून ठेवा. आमच्या पोरी येऊन स्लॅब मोजून देतील.