‘बस बंद करा, रस्ते रुंद करा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

शहरातल्या बससेवेबद्दलचा एक मजकूर वरचेवर फॉरवर्ड होऊन येतो. सार असं: बस कायम तोट्यात, निम्म्या वेळा रिकाम्या, वर कधीच वेळेवर नाहीत. हा पांढरा हत्ती पोसण्यापेक्षा त्याच पैशांत रस्ते रुंद करा. ज्यांच्याकडे गाडी नाही, ते ॲपवरून टॅक्सी मागवतील. ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाला हे पटकन पटतं, म्हणून एकेक मुद्दा नीट तपासायला हवा.

आधी तोटा. तिकिटांतून बसचा सगळा खर्च निघत नाही, हे बहुतेक शहरांत खरं आहे. पण रस्त्याचा खर्च तरी कोणत्या तिकिटातून निघतो? अमेरिकेत महामार्गांसाठी इंधनकरावर चालणारा वेगळा निधी आहे. रस्ते वापरणाऱ्यांनीच रस्त्यांचे पैसे भरावेत, ही त्यामागची कल्पना. 2008 पासून त्या निधीत सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीतून पुन्हा पुन्हा भर घालावी लागली आहे, म्हणजे ज्याने जन्मात गाडी घेतली नाही त्याच्याही करातून. त्याला कुणी तोटा म्हणत नाही. शिवाय चांगली सेवा आली की आसपासच्या जमिनीचे भाव चढतात. ती कमाई जागामालकाच्या खिशात जाते, वाहतूक चालवणाऱ्याच्या वहीत दिसत नाही. हाँगकाँगची मेट्रो चालवणाऱ्या एमटीआर कंपनीने स्टेशनांवरच्या आणि लगतच्या बांधकामात स्वतःचा वाटा ठेवला आणि वर्षानुवर्षं नफा कमावला. टोकियोच्या खासगी रेल्वे कंपन्यांनीही मार्गालगत वसाहती आणि मोठी दुकानं उभारून हेच केलं. तेव्हा तोटा किती, हे हिशेबात काय धरलंय त्यावर ठरतं.

‘रिकामी बस’ हा मुद्दा डोळ्यांना दिसतो, म्हणून तो जास्त चिकटतो. सकाळी ऑफिसांच्या भागाकडे खच्चून भरलेली बस परतीला रिकामी येते, कारण पुढची खेप भरायला तिला परत यावंच लागतं. पहिल्या आणि शेवटच्या थांब्याजवळ राहणाऱ्याला ती नेहमी मोकळीच दिसणार. मधल्या टप्प्यात लोक दाराला लोंबकळत असतात, ते त्याच्या नजरेला पडत नाही.

रात्रीच्या शेवटच्या बसचं बघा. तिच्यात चार-पाच माणसं असतात, म्हणून काटछाट करताना पहिली कुऱ्हाड तिच्यावर पडते. त्या चौघांत दहाला पाळी संपवून निघालेली एक नर्स आहे. ती दुपारी कामावर जाताना गर्दीच्या बसने जाते, कारण रात्री परतायची सोय आहे. ती सोय गेली की ती एकतर पाळी सोडते, नाहीतर हप्त्याने स्कूटर घेते. मग दुपारच्या बसलाही ती दिसत नाही. माणूस जाण्या-येण्याचा विचार एकत्रच करतो, आणि तिकिटांचा तक्ता मात्र प्रत्येक खेप सुटी मोजतो. दर दहा मिनिटांनी येणारी बस तीस मिनिटांवर नेली, तर थांब्यावरची सरासरी वाट पाच मिनिटांवरून पंधरावर जाते. प्रवासी कमी होतात, त्याच आकड्यावर बोट ठेवून आणखी फेऱ्या कापल्या जातात. अशाने बस रिकामी होते, आणि मग ‘बघा, रिकामीच आहे’ म्हणून तीच बंद करायची. हे मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं.

रस्ते रुंद करण्याचा प्रयोग जगाने पुरेसा केला आहे. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा केटी फ्रीवे हा महामार्ग 2008 मध्ये सुमारे 280 कोटी डॉलर खर्चून रुंद झाला. सर्व्हिस रोड धरून काही ठिकाणी 26 लेन. तरी 2011 ते 2014 या काळात संध्याकाळच्या गर्दीत तिथला प्रवास निम्म्याहून अधिक लांबला. ड्युरँटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी 2011 मध्ये अमेरिकी शहरांबद्दल दाखवून दिलं की रस्ता जितका वाढतो, जवळपास त्याच प्रमाणात गाड्यांची धावही वाढते. त्याच अभ्यासात हेही आहे की बस-रेल्वे वाढवूनही गाड्यांची एकूण धाव कमी झाली नाही, कारण मोकळी झालेली जागा दुसऱ्या गाड्यांनी भरली. ते लपवायचं कारण नाही. बस आली की रस्ते ओस पडतील, असं वचन देणं चूकच आहे. पण ती काढून घेतली की काय होतं? लॉस एंजेलिस हे गाड्यांचं शहर, तिथे बस-मेट्रोने जाणारे अगदी थोडे. 2003 मध्ये बस-मेट्रो कर्मचाऱ्यांचा 35 दिवस संप झाला, तेव्हा महामार्गांवर होणारा सरासरी विलंब 47 टक्क्यांनी वाढला, असं अर्थतज्ज्ञ मायकेल अँडरसन यांच्या अभ्यासात आढळलं.

ॲपच्या टॅक्सीचं उत्तर सॅन फ्रान्सिस्कोने दिलं आहे. 2010 ते 2016 या काळात तिथे कामाच्या दिवशी गाड्यांचा खोळंबा 62 टक्क्यांनी वाढला. या टॅक्स्या नसत्या तर वाढ 22 टक्क्यांवर थांबली असती, असा संशोधकांचा अंदाज. टॅक्सी विजेवर चालो वा चालकाविना, रस्त्यावर जागा तेवढीच अडवते. आणि पाऊस पडला, गर्दी झाली की तिचं भाडं चढतं. दृष्टी अधू झालेले आजोबा, फिट येणारा तरुण, एकटीने शाळेत जाणारी मुलगी यांना गाडी चालवताच येणार नाही. रोजच्या रोज टॅक्सी त्यांनी कुठल्या पैशांनी करायची?

राहिला वेळेवर न येण्याचा मुद्दा. ही तक्रार शंभर टक्के रास्त आहे. अर्धा तास काही नाही आणि मग एकामागोमाग तीन, हे सगळ्यांनी भोगलंय. पण ते घडतं कसं? पहिली बस सिग्नलला दोन मिनिटं अडकते. तेवढ्यात पुढच्या थांब्यावर आणखी दहा माणसं जमतात. ती चढेपर्यंत बस आणखी मागे पडते, त्यापुढच्या थांब्यावर गर्दी आणखी मोठी. मागच्या बसला मात्र थांबे मोकळे मिळतात, ती भराभर पुढे येऊन पहिलीला गाठते. चालक कितीही तत्पर असला तरी हे होणार, कारण सुरुवात झाली ती गाड्यांच्या कोंडीत.

यावर उपाय माहीत आहेत. चढण्याआधी तिकीट, सगळ्या दारांतून चढ-उतार, सिग्नलला बसला प्राधान्य, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बसची स्वतःची लेन. अमेरिकेतल्या शहर-वाहतूक अधिकाऱ्यांच्या नॅक्टो या संघटनेचे आकडे सांगतात की गाड्यांच्या एका लेनमधून तासाला 600 ते 1600 माणसं जातात, आणि तेवढ्याच रुंदीच्या बस-लेनमधून 4000 ते 8000. अशा लेनसाठी घरं पाडावी लागत नाहीत, पूल बांधावा लागत नाही. आहे त्या रस्त्यातला एक पट्टा बसला द्यायचा आणि तिथे कुणालाही गाडी लावू द्यायची नाही. रुंदीकरणासाठी जितका आग्रह धरला जातो, तितकाच आग्रह या एका पट्ट्यासाठी धरा.