सिंहाला कळप असतो

चवथीच्या पंधरा दिवस आधी घरच्या ग्रुपवर भाच्यानं एक मजकूर टाकला. तुमच्याकडेही तो कुठून ना कुठून आलाच असेल: 'मेंढरं कळपानं चालतात, सिंह एकटा चालतो. इतिहास पुढं चालणाऱ्यांचा असतो. मागून जाणाऱ्याला स्वतःचं डोकं नसतं. मुलांना लीडर बनवा. अल्फा बनवा.' चवथीच्या आरतीत मी मागं बसून घुमट हे वाद्य वाजवतो, म्हणून खाली त्याची स्वतःची पुस्ती: "मामा, तीस वर्षं घुमटच वाजवताय. एकदा आरत पुढून धरा की!"

पोर गोड आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

आधी सिंह. मांजरकुळात कळप करून राहण्यासाठी प्रसिद्ध असलेला प्राणी सिंहच. गीरमध्ये सिंहिणी पिल्लांना घेऊन गटानं राहतात, नरही बऱ्याचदा जोडीनं फिरतात. एकटा हिंडतो तो वाघ. अल्फाची कथा आणखी मजेची. लांडग्यांच्या कळपातला 'अल्फा', म्हणजे कळपाचा म्होरक्या, ज्यांच्या लिखाणामुळे लोकांच्या तोंडी बसला, त्या लांडग्यांच्या अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. म्हणजे अल्फा म्हणून ज्याची पूजा चालली आहे, तो कुणाचा तरी बाप आहे.

आता इतिहास. गोव्यात राहून हे वाक्य पुढं पाठवणाऱ्यानं १८ जून १९४६ आठवावा. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात, आणि समाजवादी नेते राममनोहर लोहिया विश्रांतीसाठी असोळण्याला डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्याकडे आले होते. मडगावात भर पावसात, सभेवरची बंदी मोडून ते बोलायला उभे राहिले आणि पकडले गेले. लोहिया मोठेच, त्याबद्दल वाद नाही. पण पोर्तुगीजांनी त्यांना गोव्याबाहेर नेऊन सोडलं, आणि पुढचे महिने सत्याग्रह चालवला तो इथल्या माणसांनी. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्य तर १९२८ पासून गोवा काँग्रेस कमिटीचं काम करत होते, वयानं लोहियांहून मोठे. बाहेरून आलेला माणूस पुढं का, असं म्हणत ते रुसून बसले असते तर? ते बसले नाहीत. पोर्तुगालमधल्या पेनिशच्या तुरुंगात गेले. त्या दिवशी मडगावात भिजत उभी राहिलेली माणसं नसती, तर लोहियांचं भाषण म्हणजे पावसात एकटाच बोलणारा गृहस्थ.

'मागून जाणाऱ्याला डोकं नसतं' हे मात्र मला झोंबलं, कारण हे थेट माझ्या घुमटावर आलं.

घुमट म्हणजे दोन तोंडांचं मातीचं भांडं. मोठ्या तोंडावर चामडं ताणलेलं, लहान तोंड उघडं. एका हाताची बोटं चामड्यावर, दुसऱ्याचा तळवा लहान तोंडावर, आणि तो किती झाकायचा, कधी सोडायचा यावर नाद ठरतो. २०१९ मध्ये सरकारनं त्याला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं, पण वाड्यावर त्यानं काही फरक पडला नाही. चामडं भादव्याच्या दमट हवेत आधीसारखंच सैल पडतं आणि दोन आरत्यांच्या मध्ये आम्ही ते आंचेवर धरतो. आरतीत कान समेळ या ढोलाकडे, डोळे पुढून गाणाऱ्याच्या ओठांकडे आणि कासाळ्याचा, म्हणजे झांजांचा, खणखणाट डोक्यात. पुढचा दमला की झील, म्हणजे मागच्यांची गाण्यातली साथ, चढवायची, तो घाईला आला की ठेका जड करून त्याला मागं ओढायचं. दोन वर्षांमागं आमचा पुढचा भर आरतीत कडवंच विसरला. मागून एका म्हाताऱ्यानं, जणू झीलच धरतोय अशा आवाजात, पुढचे दोन शब्द सोडले. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली, बसलेल्या पाहुण्यांना काही कळलं नाही. याला डोकं नाही म्हणायचं?

वास्कोच्या दामोदराच्या सप्ताहात चोवीस तास भजन अखंड चालतं. पहाटे तीनला टाळ धरणाऱ्याचं नाव कुणी छापत नाही, पण त्यानं टाळ खाली ठेवला तर 'अखंड' हा शब्दच खोटा पडेल.

आंधळेपणानं मागं जाण्याचा धोका खरा आहे, तो नाकारत नाही. अमेरिकेत सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञानं १९५१ च्या सुमारास कॉलेजच्या मुलांना रेघांच्या लांबीबद्दल अगदी सोपे प्रश्न विचारले. बाकीचे मुद्दाम चुकीचं उत्तर देणारे, आधीच पढवलेले. दर चारांतल्या सुमारे तिघांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसत असलेलं सोडून गर्दीचं उत्तर दिलं. हा प्रयोग लीडरवाले नेहमी सांगतात. त्यातलं पुढचं सहसा सांगत नाहीत: गटातल्या एकानं जरी खरं उत्तर दिलं, तरी असं वाहून जाणं आधीच्या साधारण चौथाईवर आलं. त्या मुलाला वाचवायला कुणी सिंह लागला नाही. शेजारी एक साधा सोबती पुरला.

राहिली मुलांना लीडर बनवायची हौस. तिचं फळ मी एका मंडळात बघितलं आहे. सात माणसं, त्यांत अध्यक्ष व्हायला उत्सुक पाच, खुर्च्या उचलायला एक. (सातवा हिशेब मागायचा.) तिसऱ्या वर्षी त्याची दोन मंडळं झाली. आता दोन्हीकडे खुर्च्या भाड्यानं आणतात, उचलणाऱ्यासकट.

भाच्याला मी यातलं अर्धंच लिहिलं आणि सांगितलं, आरत पुढून धरायची तर आधी एक चवथ कासाळं धर. तो खरंच आला. पहिल्या घरी ठीक होता, दुसऱ्या घरी लय सुटली आणि कासाळं समेळाच्या पुढं पळायला लागलं. समेळवाल्यानं मान वळवली नाही, कुणाकडे बघितलंही नाही. ठेका फक्त मोकळा केला, दोन आवर्तनं तसाच ठेवला, आणि पोर परत समेवर आलं. तिसऱ्या घराच्या पायऱ्या चढताना मला हळूच विचारतो, "मामा, त्यांना कसं कळलं?"