दोन गेटवे भरले म्हणून लाइन आपोआप बदलत नाही

"संगणकात दोन डीफॉल्ट गेटवे भरून ठेवा, एक लाइन गेली की दुसरी आपोआप चालू होते, हातातलं काम तुटत नाही आणि दोन्हींचा वेगही एकत्र मिळतो." हा सल्ला सगळीकडे फिरतोय. (डीफॉल्ट गेटवे म्हणजे संगणक बाहेर जाणारा डेटा ज्या राउटरकडे देतो त्याचा पत्ता; लाइन म्हणजे इंटरनेटची जोडणी.) त्यावर विसंबलेल्यांची लाइन ऐन गरजेच्या वेळी बसलेली मी पाहिली आहे, म्हणून हे लिहितोय.

वेगाचं आधी संपवू. राउटिंग टेबलमध्ये, म्हणजे कुठला डेटा कुठून पाठवायचा याच्या संगणकातल्या यादीत, ०.०.०.०च्या (बाहेरच्या सगळ्या पत्त्यांसाठीच्या) दोन ओळी असल्या तर ज्या ओळीची मेट्रिक (पसंतीचा आकडा) कमी, तीच चालते. लिनक्सवर जोडण्या सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर केबलला १०० आणि वायफायला ६०० मेट्रिक देतो. दोन्ही जोडलेले असताना बाहेरचं सगळं केबलवरून जातं, वायफायची ओळ नुसती बसून राहते.

"आपोआप बदलतो" हे खरं वाटतं, कारण लोक केबल उपटून बघतात. केबल उपटली की ती ओळच टेबलातून जाते आणि दुसरी कामाला लागते. पण लाइन बहुधा अशी जात नाही. राउटर चालू असतो, दिवे लागलेले असतात, तुटलेलं असतं ते त्याच्या पलीकडे. तेव्हा १९२.१६८.१.१ला (राउटरचा आतला पत्ता बहुधा असा असतो) पिंग करून, म्हणजे ‘आहेस का’ असा छोटा संदेश पाठवून बघा, लगेच उत्तर येईल. एआरपीलाही, म्हणजे राउटरचा हार्डवेअर पत्ता विचारणाऱ्या संदेशालाही, येतं. गेटवे जिवंत दिसतोय, मग संगणक तो सोडेल कशाला? काही सिस्टीम टीसीपीची (डेटा पोचल्याची पावती घेत पाठवणाऱ्या पद्धतीची) उत्तरं येईनाशी झाली की दुसरा गेटवे धरून पाहतात, पण त्यावर भरवसा ठेवू नये.

काम न तुटण्याचं म्हणाल, तर टीसीपी कनेक्शन दोन्ही टोकांचे पत्ते आणि पोर्ट (डेटा कुठल्या प्रोग्रॅमचा ते सांगणारे आकडे) यांवरूनच ओळखलं जातं. लाइन बदलली की तुमचा बाहेरचा पत्ता बदलतो आणि रिमोट डेस्कटॉप तुटतोच. टीसीपीऐवजी वापरला जाणारा क्विक (QUIC) प्रोटोकॉल यातून तरू शकतो, पण सगळं काही क्विकवर चालत नाही.

हा निर्णय राउटरकडे द्या. दोन्ही लाइन एकाच राउटरला जोडा आणि त्याला दूरचा एखादा पत्ता सतत तपासायला लावा. राउटरच दोन असतील तर व्हीआरआरपी, म्हणजे एक राउटर गेला की दुसऱ्याने त्याची जागा घ्यायची पद्धत, वापरा. दोघांचा मिळून एक आभासी पत्ता असतो, संगणकात गेटवे म्हणून तोच भरायचा. मुख्य राउटर दर सेकंदाला आपण असल्याचं कळवतो. तीन-चार सेकंद काही आलं नाही की राखीव राउटर तो पत्ता घेतो. मात्र बाहेरच्या लाइनचं ट्रॅकिंग (ती चालू आहे का याची सतत तपासणी) लावलंच पाहिजे, नाहीतर लाइन मेलेली असतानाही मुख्य राउटर "मी आहे" म्हणत राहतो.

आणि चाचणी घेताना संगणकाची केबल काढू नका. राउटरमध्ये बाहेरून येणारी काढा.