गिटार बाहेरचा अन् ऑर्गन आपला? त्या फॉरवर्डला माझं उत्तर

आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभरात तीनदा एकच मेसेज येऊन गेला. त्यात लिहिलंय की खरी उपासना म्हणजे ऑर्गन, जुनी गीतं अन् शांतता, गिटार-ड्रम्स हे बाहेरून आलेलं फॅड आहे, बायबलमध्ये त्याला जागा नाही, नवीन गाण्यांत बायबलचं वचन नाही, एकच ओळ घोकत बसतात, अन् यानेच मंडळ्या फुटून राहिल्या. मी स्वतः बावीस वर्षं क्वायरमध्ये गातेय, जुनी गीतं पाठ आहेत मला, जीव आहे त्यांच्यावर, म्हणूनच गप्प बसवत नाही.

आधी ते "बाहेरून आलेलं". अहो, ऑर्गन पण बाहेरूनच आला ना, अन् पेटीसुद्धा, हार्मोनियमचं पेटंट १८४२ मध्ये पॅरिसला घेतलं गेलं. नागपुरात आपण ज्यांचं नाव इतक्या आदराने घेतो ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले, ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे, अन् त्या चर्चमध्ये तेव्हा उपासनेत वाद्यच चालत नव्हतं, नुसत्या गळ्याने स्तोत्रं गायची. त्या चर्चने ऑर्गनला परवानगी दिली १८८३ मध्ये, म्हणजे इकडे हिस्लॉप कॉलेज सुरू झालं त्याच वर्षी, अन् हिस्लॉप साहेब जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. तिथल्या जुन्या लोकांना ऑर्गन अगदी असाच खटकला होता जसा आज तो मेसेज टाकणाऱ्या काकांना ड्रमसेट खटकतो.

अन् "आपलं जुनं" म्हणून ज्या गीतांचं नाव त्या मेसेजमध्ये घेतलंय ती बरीचशी कवी ना. वा. टिळकांची आहेत. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला, १८९५ मध्ये मुंबईला बाप्तिस्मा झाला, अन् नंतर या माणसाने काय केलं तर इंग्रजी चालींवरची भाषांतरं गाणाऱ्या मंडळीला अभंग दिला, भजन दिलं, कीर्तन दिलं. त्या काळात हेच नवीन होतं! टिळकांना मानायचं अन् नवीन चाल लावणाऱ्या पोरांना रागवायचं, हे मला काही पटत नाही.

बायबलमध्ये जागा नाही म्हणणाऱ्यांनी १५०वं स्तोत्र एकदा उघडून पाहावं, कर्णा, वीणा, डफ, नाच, तंतुवाद्यं, मोठ्या आवाजाच्या झांजा, सगळं आहे तिथे. गिटारचं म्हणाल तर 'सायलेंट नाइट' पहिल्यांदा गायलं गेलं १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री, ऑस्ट्रियात, अन् साथीला गिटारच होता.

एकच ओळ परत परत? १३६व्या स्तोत्रात २६ वचनं आहेत अन् प्रत्येक वचनात "त्याची दया सनातन आहे" येतंच. पण हो, काही नवीन गाणी खरंच पोकळ आहेत, "मी, मला, माझं" यापलीकडे जात नाहीत, ती मलाही नको वाटतात. जुन्या पुस्तकातली पण काही गीतं अशीच आहेत, ती आपण गातच नाही म्हणून आठवत नाहीत.

मंडळ्या फुटतात हे तर नागपूरकराने म्हणूच नये. २९ नोव्हेंबर १९७० ला याच शहरात सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात बिशपवाले होते, बॅप्टिस्ट होते, बाळाचा बाप्तिस्मा मानणारे अन् न मानणारे दोन्ही होते, अन् दोन्ही पद्धती ठेवल्या. एवढा मोठा फरक पचला तर गिटारने काऊन फुटावं?

राहिली शांतता. इथे मात्र काकांचं दुःख खरं आहे. साऊंड इतका वाढवतात की शेजारच्याचा आवाज ऐकू येत नाही, स्केल इतकी वर की साठीच्या बाया दुसऱ्या ओळीलाच थांबतात, अन् गीत येत नाही म्हणून मंडळी नुसती पाहत उभी राहते. ते चूकच आहे, पण तो दोष गिटारचा नाही, बसवणाऱ्यांचा आहे, अन् हे मी पोरांना तोंडावर सांगितलंय. येत्या रविवारी ते टिळकांचं एक गीत गिटारवर घेऊन राहिले, स्केल दोन पट्टी खाली, ड्रम नाही, नुसती ढोलकी. काका, तुमच्या घरी झांजा आहेत, त्या घेऊन या.