खाडा नाही म्हणजे समाधान आहे असं नाही

माझी धाकटी बहीण टायफॉईडमधून उठून कामावर गेली, त्याच संध्याकाळी सुपरवायझरने लाइनच्या ग्रुपवर फॉरवर्ड टाकला: "कामावर प्रेम असेल तो दांडी मारत नाही. ऊसतोड मजूर बघा, सहा महिने एक सुट्टी नाही, तरी समाधानी. जपानमध्ये कोणी सुट्टी मागत नाही. मन लावून काम करा, आजार जवळ येणार नाही." तिने मला विचारलं, "ताई, मी खरंच कामचुकार आहे का गं?"

ऊसतोडीचं उदाहरण देणाऱ्याने फड लांबूनसुद्धा पाहिलेला नाही. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, आधीच अंगावर. एक दिवस पडून राहिलं की खाडा, आणि खाड्याला दंड. 2019 साली बीडच्या बायका तो दिवसाला 500 रुपये सांगत होत्या. म्हणून मासिक पाळीत पोट पिळवटलं तरी फडात उतरायचं. पाणी नाही, संडास नाही, अंगावर काढलेलं दुखणं वाढत जातं, आणि शेवटी खाजगी डॉक्टर सांगतो, पिशवी काढून टाका. त्याच वर्षी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. बीडमधल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. दर सहा जणींत जवळपास एक! या हजेरीला समाधान म्हणायला जीभ कशी रेटते?

जपानचं म्हणाल, तर लोक सुट्टी घेत नाहीत म्हणून तिथल्या सरकारला 2019 मध्ये कायदा लागू करावा लागला: वर्षात किमान 5 दिवस भरपगारी रजा कामगाराने घेतलीच पाहिजे, ही जबाबदारी मालकाची. आणि टायफॉईड दूषित अन्नपाण्यातून होतो, कामाच्या नावडीतून नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. एप्रिल 1975 मध्ये शिकागोत मोठं हिमवादळ झालं, तेव्हा सीअर्स कंपनीच्या कचेरीत समाधानी गटांची हजेरी जास्त भरली, असं संशोधक फ्रँक स्मिथ यांना आढळलं. पण त्या गटांतले लोक मॅनेजर होते, आणि त्या दिवशी न येण्याला कुणी बोल लावणार नव्हतं. त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये, जिथे वादळ नव्हतं, हा संबंध दिसलाच नाही. यायचं की नाही हे माणसाच्या हातात असेल, तेव्हाच हजेरीवरून त्याच्या मनातलं कळतं.

बहिणीच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, कापला जातो. आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत सुमारे 70 टक्के वेतन मिळायची त्यात सोय आहे, आणि तो लाभ चालू असताना मालकाला तिला कामावरून काढता येत नाही. दवाखान्याचं सर्टिफिकेट तिच्याकडे आहे. उद्या ते घेऊन मी तिच्यासोबत ऑफिसात जाणार आहे.