शिल्लक पुढे ओढली जाणार नाही

हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिणाऱ्या माणसानं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दोन गोष्टी करू नयेत. एक म्हणजे आजारी पडणं, आणि दुसरी 'डायब्लो ४' या राक्षस मारायच्या व्हिडिओ गेमची बीटा, म्हणजे बाजारात येण्याआधीची चाचणी आवृत्ती, खेळणं. आजारी मी कधी पडलो नाही.

२०२३चा पाडवा बुधवारी, २२ मार्चला होता. पाडव्याला आलेला भाचा गुढी उतरली तरी सांगलीतून हलेना. शुक्रवारी रात्री साडेनऊला बीटा सगळ्यांसाठी खुली होणार होती. "मामा, तुम्ही पण खेळा की. तुम्ही जुनं खोड." इथंच घात झाला. २००० साली 'डायब्लो २' आला तेव्हा मी कॉलेजात होतो. विश्रामबागेतल्या एका कॅफेत तासावर पैसे मोजून मी नरकाची एवढी झाडलोट केली, की त्या वर्षी अकाउंट्सचा पेपर राहिला. (त्या खेळात भाला पिशवीत आडवा ठेवता यायचा नाही. बाकीचा माल सरकवून उभी जागा काढायची. गोदामाचं पहिलं शिक्षण मला तिथं मिळालं.)

पाच प्रकारच्या योद्ध्यांतून भाच्यानं मला नेक्रोमॅन्सर काढून दिला. हा मेलेल्यांचे सांगाडे उठवतो आणि लढाई त्यांच्याकडून करवून घेतो. मला एकदम पटला. ना हमाली, ना माथाडी बोर्डाची लेव्ही, ना दुपारचा चहा.

सुरुवातीला बर्फाच्या वादळात भरकटत आपण नेवेस्क नावाच्या खेड्यात पोचतो. गावकरी आगतस्वागत करतात, प्यायला देतात. पाहुणचाराला नको म्हणायची आपल्यात पद्धत नाही, प्यालो. शुद्धीवर येतो तर पेल्यात गुंगीचं औषध होतं आणि मंडळी माझा बळी द्यायला निघालेली. तेवढ्यात आतून हिची हाक, "अहो, ताक आणू का?" मी इतक्या जोरात "नको!" ओरडलो, की दोन दिवस ताक बंद झालं.

पुढे क्योवाशाद नावाचं तटबंदीचं शहर. वेशीवर अडवतात. आपलं पाप लाकडावर कोरायचं, आगीत टाकायचं, मगच आत. होळी होऊन अठरा दिवस झाले होते, माझी पाटी बऱ्यापैकी कोरी होती. तरी मी विचार करत बसलो. मार्चएण्डला हिशेबनीसाला पाप विचारलं की तो लगेच सांगत नाही, आधी व्हाउचर शोधतो. "मामा, काय बघालाय? कुठलं पण टाका की!" भाचा कावला.

मग तळघरं. सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खड्डे, मी लहानपणी बघितलीत. पेव उघडलं की लगेच कोणी उतरायचं नाही, आधी हवा खेळू द्यायची, कंदील खाली सोडून बघायचा. २००५च्या पुरात पेवांची वाट लागली, पण सवय अंगात राहिली. इथं प्रत्येक भुयाराच्या तोंडाशी मी थबकायचो आणि भाचा मागून, "पळा की ओ!"

खरी दैना पिशवीनं केली. राक्षस मेला की माल सांडतो. पांढरा, निळा, पिवळा, आणि नशिबात असलाच तर नारिंगी. भाचा पांढऱ्याकडं ढुंकून बघत नव्हता. मला ते जमेना. आमच्या सौद्यात हळकुंड वेगळं, गड्डा वेगळा, कणी वेगळी. कणीलाही गिऱ्हाईक असतं. मी सगळं उचलायचो. पिशवी भरली की मंत्र मारून गावात, लोहाराकडं. हे मोडीत काढ, ते वाण्याला वीक, परत भुयारात, परत पिशवी फुल्ल. दिवसभर दुकानात करतो तेच रात्री दोनपर्यंत बिनपगारी करत होतो.

सोमवारी भाच्यानं सांगितलं, की विसाव्या पातळीला पोचलं तर पाठीवर बांधलेलं लांडग्याचं पिल्लू मिळतं आणि ते जूनमधल्या खऱ्या खेळात आपल्याकडं राहतं. "आणि बाकीचं?" "बाकी सगळं पुसणार, मामा." म्हणजे शिल्लक पुढे ओढायचीच नाही! माझ्या पोटात खड्डा पडला. असल्या वह्या मी आयुष्यात लिहिल्या नाहीत.

रात्री साडेबाराला बीटा बंद होणार होती. बारा वाजता मी एकोणिसाव्या पातळीवर, शेवटचं थोडंसं बाकी. भाचा म्हणाला, "दोन-चार टोळ्या मारा, झालं." पण पिशवी भरली होती. म्हटलं, आधी हे मार्गी लावू. लोहाराकडं गेलो. अंगठ्या एका ओळीत लावल्या, तलवारी एका ओळीत. शिरस्त्राणं दोन उरली, त्यांचे आकडे ताडून बघितले. बारा तेवीस. भाचा डोक्याला हात लावून बसला होता. वाण्याकडं एक जोडा विकायचा राहिला होता, तो विकून आलो. बारा एकोणतीस. वेशीबाहेर पडलो आणि पडदा थांबला.

सकाळी दुकानात मालकांनी विचारलं, "डोळे का लाल?"

"हळदीची धूळ," मी म्हणालो, आणि रोजकीर्द उघडली.